अनधिकृत पालवी

एखादे झाड जिवंत आहे की मेलेले, हे ठरवण्याचा अधिकार झाडाला नसतो. तो वृक्ष अधीक्षकांना असतो. झाडाला तो दिला तर प्रत्येक झाड आपण जिवंत असल्याचेच सांगत सुटेल आणि खात्याला कामच उरणार नाही, हे कोणाही समंजस नागरिकाला पटावे.

दुष्काळाचे ते तिसरे वर्ष होते. शहराच्या तलावात पाण्यापेक्षा 'पाणी जपून वापरा' असे सांगणाऱ्या पाट्याच जास्त दिसत होत्या. नळ उघडला की आधी बराच वेळ खोकायचा आणि मग नाइलाजाने थोडे पाणी सोडायचा. माणसे आंघोळ उरकण्याऐवजी पुढे ढकलू लागली. झाडांनीही आपल्या परीने काटकसर सुरू केली. बँकेच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या शिरीषाने तर अंगावरची सगळी पाने टाकून दिली. पाने असली की त्यांतून पाणी उडून जाते; नसली की आहे तेवढे खोडात राहते आणि झाड तग धरते. झाडाच्या बाजूने पाहिले तर हा शुद्ध व्यवहार होता. त्याच्याखाली बसणाऱ्या मास्तरांवर मात्र आभाळ कोसळले.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेतल्या मास्तरांना आता कोणी मास्तर म्हणत नाही, म्हणून ती पदवी शिंप्यांकडे सुखरूप राहिली आहे. शिरीषाच्या बुंध्याला टेकून त्यांचे पायमशीन, शेजारी बुटक्या स्टुलावर त्यांची बायको. ती काजे करायची, बटणे लावायची, तुरपाई करायची. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. या दोघांच्या पायाच्या आणि बोटांच्या जोरावर मुलीचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष चालले होते.

मास्तरांकडे पदपथ खात्याचा परवाना होता, 'वृक्षछायेतील बैठा व्यवसाय' या सदराखालचा. उघड्यावर बसून धंदा करायला शहरात मनाई आहे. छताखाली बसायचे तर दुकान लागते. झाडाखाली मात्र चालते, कारण झाड हे छतही नव्हे आणि उघडेही नव्हे, असा निर्णय खात्याने फार पूर्वी पुष्कळ विचार करून घेतला होता. अट एकच, सावली पाहिजे.

पदपथ निरीक्षक आले, त्यांनी कमरेवर हात ठेवून आधी वर आणि मग खाली पाहिले.

"मास्तर, तुमच्या मशीनवर ऊन आहे."

"डोक्यावरही आहे साहेब."

"डोकं आमच्या खात्यात येत नाही. जागा आमची आहे, आणि जागेवर ऊन म्हणजे परवाना रद्द. महिनाअखेरपर्यंत सावली हजर करा, नाहीतर मशीन उचलावं लागेल. माझा तुमच्यावर राग नाही हो, माझी पँटसुद्धा तुमच्याचकडे आहे."

मशीन उचलले तर बसायचे कुठे आणि मुलीचे वर्ष निभवायचे कसे, हा विचार घेऊन मास्तर वृक्ष अधीक्षकांकडे गेले.

अधीक्षकांच्या खोलीत भिंतभर जंगलाचा फोटो होता आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचे झुडूप. शिपाई रोज त्यावरची धूळ पुसायचा. अधीक्षक स्वतः मात्र खरेच जाणकार होते. झाडांवर त्यांचा अभ्यास होता, आणि त्याबद्दल कोणी विचारत नसल्यामुळे तो अजून ताजा होता.

"साहेब, एक टँकर पाणी सोडलंत तर झाड परत पानं धरेल," मास्तर म्हणाले.

"टँकर जिवंत झाडांसाठी आहे. तुमचं झाड मेलेलं आहे."

"मेलंय?"

"छे हो, चांगलं ठणठणीत आहे. मी परवाच साल खरवडून पाहिली, आत हिरवंगार. दुष्काळात पानं टाकून देणारं झाड म्हणजे फार शहाणं झाड. माझा प्रबंधच त्यावर होता." अधीक्षक खुलले. "पण नियमात जिवंत झाड म्हणजे पानं असलेलं झाड. शहाणपणाला रकाना नाही. आता माणूस म्हणून विचाराल तर ते जिवंत आहे, आणि अधीक्षक म्हणून विचाराल तर मेलंय. सही अधीक्षकाची लागते, माणसाची चालत नाही."

"आणि मेलेल्या झाडाचं काय करता?"

"तोडतो. रस्त्यावर मेलेलं झाड उभं ठेवणं धोक्याचं असतं. तुमचा नंबर पुढच्या फेरीत आहे. वाईट वाटतं मला, खरंच. असं झाड पुन्हा बघायला मिळणार नाही."

मास्तरांनी परत येऊन बायकोला सगळे सांगितले. तिने दाताने दोरा तोडला.

"पानं हवीत ना त्यांना? मग द्या शिवून. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलंत, आता झाडाच्या मापाचं शिवा."

ती हे वैतागून बोलली होती. पण लग्नाला इतकी वर्षे झालेल्या माणसाला बायकोचा वैताग आणि बायकोचा हुकूम यांतला फरक कळेनासा होतो. मास्तरांकडे हिरव्या पॉपलिनचे तागेच्या तागे पडून होते. एका शाळेने गणवेशाचा रंग हिरव्याचा अचानक निळा केला तेव्हा ते त्यांच्या गळ्यात पडले होते. शिरीषाची पाने बारीक, पिसांसारखी. तशी कापायची म्हटली तर डोळे गेले असते. म्हणून मास्तरांनी सदऱ्याच्या खिशावरच्या झाकणाचा नमुना घेतला आणि सगळी पाने त्याच मापाने बेतली. मास्तरीणबाईंनी कडा दुमडून तुरपाई केली, कपड्याला खळ दिली आणि प्रत्येक पानाला देठाच्या जागी एक बंद लावला.

रविवारी समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी शिडी दिली. सेक्रेटरी म्हणजे गल्लीच्या प्रत्येक कामात आधी विरोध करणारे आणि नंतर फोटोत मध्यभागी उभे राहणारे गृहस्थ. या वेळी त्यांनी विरोधाची पायरी गाळली, कारण निष्पर्ण झाडामुळे त्यांच्या गाडीचा रंग उतरत होता. संध्याकाळपर्यंत शिरीष हिरवा झाला. त्याला शिरीषाची पाने नसून खिशाची झाकणे लागली आहेत हे गल्लीत एकाच्याही लक्षात आले नाही. या गल्लीतली माणसे त्या झाडाखाली लहानाची मोठी झाली होती.

पदपथ निरीक्षकांनी मशीनवरची सावली पाहून समाधान व्यक्त केले आणि आपली पँट घेऊन गेले. मास्तरांची जागा वाचली. आता राहिले झाड. त्याला पाणी मिळावे म्हणून वृक्ष अधीक्षकांना बोलावले. ते आले, त्यांनी खालच्या फांदीचे एक पान बोटांत धरले, उलटे करून पाहिले आणि कडेवरून नख फिरवले.

"मास्तर, पानाला तुरपाई आहे."

"कडा उसवू नयेत म्हणून साहेब."

"काम सुबक आहे." अधीक्षकांनी चष्मा पुसला. "नियम सांगतो, पान म्हणजे फांदीला जोडलेला हिरव्या रंगाचा चपटा भाग. हा फांदीला जोडलेला आहे, हिरवा आहे आणि चपटा आहे. कापडाचा नसावा असं कुठे म्हटलेलं नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही नव्हतात. झाड जिवंत झालं, अभिनंदन."

"मग पाणी?"

"पाणी कशाला? टँकर जिवंत पण गरजू झाडांसाठी असतो. इतकं टवटवीत झाड या वर्षी मी एकही पाहिलेलं नाही. याला पाणी दिलं तर बाकीच्या झाडांवर अन्याय होईल."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी निम्मी पाने उतरवून चहाच्या पाण्यात बुडवली आणि मरगळलेल्या रंगाची करून परत बांधली. अधीक्षक पुन्हा आले, त्यांनी झाडाची अवस्था पाहून हळहळ व्यक्त केली आणि झाड गरजू ठरवले. टँकर मंजूर झाला. खात्याच्या तोंडाला चांगलीच पाने पुसली, म्हणून नवरा-बायको दोघेही खूश होते.

पण मंजुरी आणि टँकर यांच्यामध्ये एक जागा असते, आणि त्या जागेत आयुक्तबाई आल्या. दुष्काळात हिरवे राहिलेले शहरातले एकमेव झाड बघायला त्या स्वतः आल्या होत्या. सेक्रेटरी फोटोत मध्यभागी उभे राहिले. बाईंना झाड फार आवडले. त्यातली चहाच्या रंगाची पाने मात्र खटकली.

"ही का अशी?"

"सुकत आलीत बाई," अधीक्षक म्हणाले.

"मग बदला की. हिरव्या झाडावर अशी पानं बरी नाही दिसत."

पाने बदलली. आयुक्तबाईंनी त्याच आठवड्यात शहरातल्या सगळ्या वाळलेल्या झाडांना पाने बांधण्याचा निर्णय घेतला, हिरव्या रंगाची एक छटा ठरवून दिली आणि मास्तरांना 'पर्ण देखभालकार' नेमले. शहर पंधरवड्यात हिरवेगार झाले. ज्या झाडांखाली वर्षानुवर्षे कोणी वर मान करून पाहिले नव्हते, तिथे माणसे थांबून फोटो काढू लागली. पाणीटंचाईवरच्या तक्रारी कमी झाल्या. इतकी झाडे हिरवी आहेत म्हणजे पाणी कुठेतरी असणारच, असे लोकांना वाटू लागले.

आणि अखेर गल्लीत टँकर आला. मास्तर मशीन सोडून धावले. टँकरवाल्याने आधी झाडाच्या बुंध्याभोवती भली मोठी ताडपत्री पसरली, तिच्या कडा उचलून बांधल्या आणि मग पाइपाने वरच्या पानांवर फवारा सोडला.

"अहो, ताडपत्री काढा, पाणी मुळाशी जाऊ दे," मास्तर म्हणाले.

"मुळांना मंजूर नाहीये. हे पानं धुवायचं पाणी आहे, धूळ बसते ना." टँकरवाल्याने ताडपत्रीत साठलेले पाणी बादलीने उपसून परत टँकरमध्ये ओतले. "एक थेंब जमिनीत गेला तर मला जाब विचारतात. दुष्काळ आहे मास्तर, पाणी जपून वापरायला नको का?"

त्या संध्याकाळपासून मास्तरीणबाईंनी एक काम सुरू केले. घरची भांडी विसळून झाली की ते पाणी बादलीत निवळत ठेवायचे आणि गल्लीत येताना घेऊन यायचे. बुंध्याशी ते हळूच ओतायचे. यात लपवण्यासारखे काही नव्हते आणि लपवावे लागलेही नाही. ज्याचे त्याचे लक्ष वर पानांकडे होते, बुंध्याकडे बघायची कुणाला सवयच राहिली नव्हती. गल्लीत एवढी घरे होती आणि प्रत्येक घरात भांडी विसळली जात होती. पण बाकीची बिऱ्हाडे ते पाणी मोरीत सोडून, झाडाला पाणी का मिळत नाही याबद्दल खात्याकडे कळकळीने दाद मागत होती.

बादलीचा गुण आला. कापडी पानांच्या आड, फांदीच्या बेचक्यात, शिरीषाला खरी पालवी फुटली. मास्तरांना ती पाने बदलताना दिसली आणि ते शिडीवरच बसून राहिले. आपण फसवाफसवी करत असताना हे झाड मुकाट्याने जगत होते, याचा त्यांना फार आनंद झाला. खाली उतरून त्यांनी बायकोच्या कानात सांगितले, आणि दोघांनी ठरवले की कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. मोठी झाकणे पुढे आणि पालवी मागे, अशी त्यांनी रचना केली.

गोष्ट फुटली ती एका पाखरामुळे. खळ दिलेल्या पॉपलिनवर इतके दिवस एकही पाखरू फिरकले नव्हते. हे एक कुठून तरी आले, नेमके पालवीवर बसले, आणि खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर आपली निशाणी ठेवून गेले. सेक्रेटरींनी शिडी मागवली.

"मास्तर, हे बारीक बारीक काय उगवलंय?"

"पानं आहेत ती."

"पानं ही." सेक्रेटरींनी खिशाच्या झाकणाला हात लावला. "ही कसली?"

"खरी. झाडाने स्वतःच काढलेली."

"कोणाला विचारून?"

गल्लीची सभा भरली. सभेत सगळेच वृक्षप्रेमी होते. तसे प्रत्येकाने बोलायच्या आधी सांगितलेच. एका आजोबांनी आपण लहानपणी या झाडावर चढल्याचे सांगितले आणि नंतर म्हणाले की कापडी पाने गळत नाहीत, म्हणून हल्ली जिना स्वच्छ राहतो. एक वहिनी म्हणाल्या की खरे पान म्हणजे मुंग्या, मुंग्या म्हणजे घरात साखरेचा डबा. दुसऱ्या एकाला खऱ्या पालवीचा रंग ठरवून दिलेल्या छटेपेक्षा फिका वाटला. कोणाचाही झाडाला विरोध नव्हता. झाड असावे, फक्त त्याने काही करू नये, एवढेच म्हणणे होते. हात वर झाले आणि खरी पालवी काढून टाकावी असे एकमताने ठरले.

अधीक्षक आले. त्यांनी पालवी पाहिली आणि त्यांचा चेहरा क्षणभर विद्यार्थ्यासारखा उजळला.

"बघा, म्हणालो नव्हतो? काय जिगर आहे या झाडाची." मग त्यांनी खिशातले पेन काढले आणि चेहरा पूर्ववत केला. "मास्तर, देखभालकार तुम्ही. खात्याने न बांधलेली पालवी अनधिकृत ठरते. रोज सकाळी खुडून टाकायची."

"साहेब, झाडाने एवढा जीव एकवटून ती काढलीय. पुन्हापुन्हा खुडली तर ते मरेल."

"मरेल ना, नक्की मरेल. साठवलेलं सगळं नव्या पानांतच जातं, प्रबंधात मी हेच लिहिलंय. पण मेलं तरी काळजी करू नका. पानं आहेत तोवर आम्ही त्याला जिवंतच धरणार, तुमची सावली कुठे जात नाही. नाही खुडलीत तर मात्र देखभालकार दुसरा नेमावा लागेल, आणि परवानाही त्याच्याच नावाने होईल."

त्या दिवशी मास्तरांनी एकही कपडा शिवला नाही. मशीनवर हात ठेवून ते नुसते बसले होते.

"अहो, जगावं म्हणून पानं शिवली ना आपण?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आपणही आणि तेही. आता त्या पानांपायी त्यालाच मारणार तुम्ही?"

"अगं, पोरीचं वर्ष बाकी आहे."

"ते मला सांगू नका, मीच दोरा ओवते तिच्यासाठी. मला एवढंच सांगा, उद्या तुम्ही शिडी चढणार आहात का?"

सकाळी मास्तर शिडी चढले. शिंप्याचा हात, काम सफाईचे झाले. कोवळी पालवी चिमटीत धरली की सहज सुटून येत होती. काही दिवस ती पुन्हा फुटायची, ते पुन्हा खुडायचे, आणि खाली बायको बादली ओतून वर न बघता निघून जायची. मग फुटणे लांबत गेले. मग एका सकाळी खुडायला काहीच नव्हते. मास्तरांनी नखाने साल खरवडून पाहिली. आत लाकूड पांढरट कोरडे होते. ते शिडीवरून उतरले तेव्हा त्यांना आपलाच राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हते.

मास्तरीणबाईंनी आपले स्टूल उचलले. समोरच्या भिंतीला दुपारपर्यंत वीतभर सावली असते, तिथे भिंतीला पाठ लावून त्या काजे करत बसतात. झाडाखाली येत नाहीत. मास्तर शिवलेले कपडे रस्ता ओलांडून त्यांच्याकडे नेतात आणि त्या मान खाली घालून घेतात. मुलगी नर्स झाली, परवाना कायमचा झाला. झाडाला उत्कृष्ट जोपासनेचे मानपत्र मिळाले आणि ते बुंध्यात खिळ्याने ठोकून बसवले आहे. या वेळी झाडाने काही त्रास दिला नाही.

तुम्ही त्या गल्लीतून जाता. थांबताही, कारण मास्तरांचा हात चांगला आहे आणि तुम्हाला नवा सदरा शिवायचा असतो. गाडी तुम्ही झाडाखालीच लावता, काचेवर पाखराची निशाणी पडत नाही म्हणून. उतरल्यावर वर मान करता, एवढ्या दुष्काळात एवढी हिरवाई पाहून तुम्हाला भरून येते, आणि तुम्ही म्हणता, "वा मास्तर, काय गार वाटतं हो तुमच्या इथे."

घामाने चिकटलेला तुमचा सदरा मास्तर दोन बोटांनी पाठीवरून सोडवतात आणि खांद्याचे माप घेतात.